भाकरीपासून सुरुवात: नागपूर जिल्ह्यातल्या गावांसाठी लोह-जस्तयुक्त ज्वारी, धान आणि गहू

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६८.९ टक्के होतं. यातली कितीतरी कुटुंबं शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची आहेत. त्यांच्या घरात धान्य कमी नसतं. पोट भरतं, पण त्या धान्यात लोह आणि जस्त (झिंक) कमी पडतं.

गोळ्या, फळं, दूध, अंडी हे उपाय चांगलेच आहेत, पण ते रोज आणि सगळ्यांपर्यंत पोचत नाहीत. भाकर, भात आणि पोळी मात्र रोज पोचतात. त्यामुळे रोजच्या धान्यातच जास्त लोह-जस्त भरणारी वाणं पेरणं हा शेतकऱ्याच्या हातातला उपाय आहे. या वाणांना जैवसंपृक्त वाणं म्हणतात. ती नेहमीच्या संकरातून आणि निवडीतून तयार झालेली आहेत. त्यांत बाहेरचं जनुक घातलेलं नाही आणि दाण्याला कोणतंही औषध चोळलेलं नाही. रेशनच्या पोषणयुक्त तांदळाशी त्यांची गल्लत करू नका. त्या तांदळात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घालून केलेले दाणे नंतर मिसळलेले असतात. (ते दाणे कधी पाण्यावर तरंगतात, म्हणून ‘प्लास्टिकचे’ समजून वेचून टाकले जातात. टाकू नका, ते तांदळाच्याच पिठाचे असतात.)

## आधी ताट मोजा, मग वाण निवडा

बहुतेक उपक्रम इथेच चुकतात. लोहासाठी सगळ्यात नावाजलेलं पीक बाजरी आहे. ‘धनशक्ती’ हे वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने मिळून काढलं. ते २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी आलं आणि त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असतं. पण नागपूर जिल्ह्यात रोज बाजरी खाणारी घरं किती? भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की बाजरी पिवळी पडते, आणि पिकली तरी घरात कोणी मागत नाही. जे घरात शिजत नाही ते वाण पोषणाच्या कामाचं नाही. काटोल-नरखेडकडच्या हलक्या जमिनीवर कोणाला लावायची असेल तर जरूर लावा, पण गावाची योजना तिच्यावर उभी करू नका.

आठवडाभर दहा-पंधरा घरांतलं धान्य मोजा. सकाळी पीठ मळण्याआधी आणि तांदूळ धुण्याआधी वजनकाट्यावर ठेवायचे आणि वहीत लिहायचे. घरात किती शिजलं एवढ्यावर थांबू नका. बाईच्या आणि लहान पोराच्या ताटात किती आलं हेही विचारा, कारण ती शेवटी जेवते आणि उरलेलं खाते. साधारण चित्र असं दिसेल: रामटेक, मौदा, पारशिवनी, कुही, भिवापूर या धानपट्ट्यात भात मुख्य, तर काटोल, सावनेर, कळमेश्वर, नरखेड या पश्चिमेकडच्या तालुक्यांत गहू आणि जवारी. आपल्या गावाचा आकडा मात्र आपणच काढायचा.

फायदा किती होईल तेही आधी मांडून ठेवा, म्हणजे नंतर अपेक्षाभंग होत नाही. साध्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असतं. ‘परभणी शक्ती’ या वाणात ते ४५ आणि ३२ आहे. एखादी बाई दिवसाला २५० ग्रॅम ज्वारीचं पीठ खात असेल, तर तिला ७.५ ऐवजी ११.२५ मिलिग्रॅम लोह मिळेल. बाईची रोजची लोहाची गरज २९ मिलिग्रॅम धरली आहे, म्हणजे गरजेच्या साधारण आठव्या हिश्श्याची भर पडली. जस्त मात्र ५ वरून ८ मिलिग्रॅमवर जातं आणि गरज १३ च्या आसपास आहे. ही भर गरजेच्या जवळपास पाव हिश्श्याएवढी होते. चर्चा नेहमी लोहाची होते, पण आपल्या भागातल्या धान्यांत जस्ताचा फायदा जास्त मोठा आहे. मुलांची वाढ आणि वारंवार होणारे जुलाब यांचा जस्ताशी थेट संबंध आहे, म्हणून ही भर हलकी समजू नये.

## नागपूरसाठी कोणती वाणं

ज्वारीत ‘परभणी शक्ती’. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साथीने काढलेलं हे खरीप वाण २०१८ मध्ये आलं. ते संकरित नाही, सरळ वाण आहे, म्हणून घरचं बी पुन्हा पेरता येतं.

धानात ‘डीआरआर धान ४९’. त्याच्या पॉलिश केलेल्या तांदळात किलोमागे सुमारे २५ मिलिग्रॅम जस्त असतं. नेहमीच्या पॉलिश तांदळात ते १२ ते १६ असतं. वाण १२५ ते १३० दिवसांचं आहे आणि महाराष्ट्रासाठी शिफारस आहे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचं ‘झिंको राईस एमएस’ही आहे, पण ते छत्तीसगडसाठी काढलेलं. सीमेपलीकडून बी आणून एकदम दोन एकर लावण्यापेक्षा एका बांधीत पाहून घ्या.

गव्हात कोरडवाहूसाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं ‘एमएसीएस ४०२८’. हा बन्सी प्रकारचा गहू आहे. त्यात लोह सुमारे ४६ आणि जस्त ४० मिलिग्रॅम, प्रथिनं १४.७ टक्के. सोयाबीन किंवा कापूस निघाल्यावर ओलिताखाली उशिरा पेरायचा असेल तर ‘एचआय १६३३’, म्हणजे पुसा वाणी. त्यात लोह आणि जस्त दोन्ही ४० च्या वर आहेत आणि तो पोळीचा गहू आहे.

‘अ’ जीवनसत्त्वासाठी धान्यावर अवलंबून राहू नका. त्यासाठी नारिंगी गराचं रताळं सगळ्यात सोपं, त्याबद्दल पुढे येतंच.

## बियाणं मिळवणं

दुकानात ‘झिंकवाली ज्वारी द्या’ म्हटलं तर कोणतीही थैली हातात पडू शकते, कारण दाणा पाहून काही कळत नाही. लोहाला रंग नाही, वास नाही. ओळख फक्त टॅगवरून. पायाभूत बियाण्याला पांढरा टॅग असतो, प्रमाणित बियाण्याला निळा. टॅगवर वाणाचं पूर्ण नाव, लॉट नंबर आणि चाचणीची तारीख वाचा आणि टॅग व पावती दोन्ही जपून ठेवा.

परभणी शक्तीसाठी परभणीच्या विद्यापीठातला मे महिन्याचा खरीप मेळावा गाठा किंवा तुमच्या कृषी विज्ञान केंद्राकडे फेब्रुवारी-मार्चमध्येच मागणी नोंदवा. जूनमध्ये विचारलं की ‘संपलं’ हेच उत्तर येतं. दहा-बारा शेतकऱ्यांनी किंवा बचत गटाने मिळून एकच मागणी केली तर आणणंही स्वस्त पडतं. ज्वारीला एकरी ३ ते ४ किलो बी लागतं, म्हणजे ४० किलोत दहा एकर होतात.

पहिल्या वर्षी घरटी १० गुंठ्यांपेक्षा जास्त लावू नका. आधी बायकांनी भाकर थापून पाहायला हवी. पिठाला चिकटपणा आहे का, भाकर थापताना काठाला चिरते का, संध्याकाळी वातड होते का, हे त्या पाच मिनिटांत सांगतात. धानाच्या बाबतीत सगळी तुलना एचएमटीशी होणार हे धरून चला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेल्या त्या वाणाने इथल्या भाताची चव ठरवली आहे. जस्त कितीही असो, भात मोकळा शिजला नाही तर दुसऱ्या वर्षी कोणी लावणार नाही.

## माती: वाणात ताकद आहे, पण मातीत जस्त हवं

जैवसंपृक्त वाण मातीतून जस्त जास्त ओढतं आणि दाण्यापर्यंत नेतं. मातीतच नसेल तर ते कुठून आणणार? नागपूरच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा सामू (पीएच) बहुधा ७.५ च्या वर असतो आणि तिथे जस्त-लोह असूनही मुळांना मिळत नाही. म्हणून माती परीक्षण सांगताना सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी वेगळी मागून घ्या. नुसतं नत्र-स्फुरद-पालाश पाहून भागत नाही.

नमुना घेताना एकरात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा २० सेंटीमीटर खोल खड्डा करायचा आणि त्याच्या एका बाजूचा दोन बोटं जाडीचा पापुद्रा काढायचा. धुरा, झाडाखालची जागा आणि शेणखताच्या ढिगाची जागा सोडायची. सगळी माती एकत्र करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत शेवटी अर्धा किलो ठेवायची. आता महत्त्वाची गोष्ट: माती पांढऱ्या पत्र्याच्या बादलीत किंवा घमेल्यात गोळा करू नका. त्या पत्र्यावर जस्ताचाच मुलामा असतो. तो मातीत उतरतो आणि अहवालात जस्त भरपूर दिसतं. प्लास्टिकची बादली आणि लाकडी खुरपं वापरा.

अहवालात किलोभर मातीत जस्त ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर कमतरता, लोहाला ती रेषा ४.५ ची. जस्त कमी असल्यास एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट (२१ टक्के जस्तवालं) शेणखतात मिसळून पेरणीआधी शेवटच्या वखरपाळीला द्या. एकदा दिलं की दोन-तीन वर्षं पुरतं. ते डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये कालवून देऊ नका. स्फुरदाशी बांधलं गेलं की दोन्ही वाया जातात. स्फुरद गरजेपेक्षा जास्त देण्याची सवयही दाण्यातलं जस्त घटवते. आपल्याकडे डीएपी हात सैल सोडून पडतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

लोहाचं तसं नाही. चुनखडीच्या जमिनीत फेरस सल्फेट टाकलं तर काही दिवसांत ते निकामी होतं. तिथे शेणखत वाढवणं आणि पिवळेपणा दिसल्यास त्याचीच ०.५ टक्क्याची फवारणी करणं एवढंच हाती असतं.

## ज्वारी: पेरणीपासून काढणीपर्यंत

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल बसली की पेरा. जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलैचा पहिला आठवडा हा काळ. जुलैच्या मध्यानंतर पेरलं तर खोडमाशी पोंगा (मधला कोवळा शेंडा) मारते. पोंगा धरून ओढला तर अलगद हातात येतो आणि बुडाशी कुजका वास येतो. बियाण्याला आधी गंधक (किलोला ४ ग्रॅम), नंतर थायमेथोक्झाम ३० टक्के एफएस (किलोला १० मिली), ते सुकल्यावर शेवटी जिवाणू खत, याच क्रमाने लावा. औषध लावलेलं उरलेलं बी कोठीत परत टाकू नका आणि कोंबड्यांनाही घालू नका. खाण्यासाठी म्हणून पेरलेल्या धान्याच्या घरात ही चूक सगळ्यात घातक ठरते.

दोन ओळींत ४५ सेंटीमीटर, दोन झाडांत १२ ते १५. उगवल्यावर १० ते १२ दिवसांत विरळणी करा. खत एकरी असं: सुपर फॉस्फेट १०० किलो, म्युरेट ऑफ पोटॅश २७ किलो, युरिया ७० किलो. युरियाचा अर्धा हप्ता पेरणीला, अर्धा ३० दिवसांनी डवऱ्यानंतर. नत्र कमी पडलं की उतारा घटतोच, दाण्यात जस्तही कमी जातं. ज्वारीत तुरीच्या ओळी घालण्याची जुनी पद्धत मोडू नका. भाकरीसोबतचं वरण त्याच शेतातून येतं.

कोवळ्या ज्वारीवर, विशेषतः पाण्याच्या ताणात सुकलेल्या धांड्यांवर जनावरं सोडू नका. तिच्यात विष तयार होतं आणि गाय-बैल तासाभरात दगावू शकतात.

खरिपाच्या ज्वारीचं खरं दुखणं बुरशी आहे. दाणा भरताना सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमध्ये पाऊस लागला की कणसं काळी-गुलाबी पडतात. असा दाणा माणसाने खाऊ नये. त्यातल्या बुरशीचं विष शिजवूनही पूर्ण जात नाही. मग लोह-जस्ताला काय अर्थ? उपाय एकच, झाड वाळेपर्यंत थांबू नका. कणसाच्या खालच्या भागातला एक दाणा नखाने सोडवा आणि जिथे तो कणसाला चिकटलेला होता तो टोकाचा भाग पाहा. तिथे टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका दिसला की दाण्यात आता आणखी काही भरायचं राहिलेलं नाही. धांडे हिरवे असले तरी चालेल. वरचे दाणे आधी पिकतात, म्हणून खालचाच दाणा पाहायचा. हा ठिपका दिसल्यावर पावसाचा अंदाज असेल तर कणसं कापून छपराखाली, ताडपत्रीवर पातळ पसरा आणि रोज उलटवा. आठ-दहा दिवस आधी कापल्याने उतारा घटत नाही, कडबाही हिरवा मिळतो. पाखरांचा त्रासही तेवढे दिवस कमी होतो. एकट्याचंच शेत ज्वारीचं असलं तर गावातली सगळी पाखरं तिथेच उतरतात. म्हणून शेजारच्या चार-पाच जणांनी लागून पट्टे लावले तर राखणही वाटून घेता येते.

मळणी रस्त्यावर किंवा उघड्या मातीवर करू नका. माती दाण्याला चिकटली की तपासणीत लोह फुगून दिसतं आणि ते लोह शरीराला उपयोगाचं नसतं. दाणा प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर चार-पाच कणसं हाताने चोळून काढलेलं पाव किलो धान्य स्वच्छ कागदी पाकिटात द्या.

## धान

३ टक्के मिठाच्या पाण्यात (१० लिटरला ३०० ग्रॅम) बी टाकून तरंगणारं काढून टाका, साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि सावलीत वाळवून पऱ्हे (रोपं) टाका. एकरी १५ किलो बी पुरेसं आहे. २१ ते २५ दिवसांचे पऱ्हे, २० बाय १५ सेंटीमीटरवर, एका ठिकाणी दोन-तीन. रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानांवर गंजासारखे तांबूस ठिपके येऊन झाड खुजं राहिलं, तर बहुतेक लोक करप्याचं औषध मारतात. आधी जस्ताची कमतरता तपासा. चिखलात सतत पाणी उभं राहिलं की जस्त मुळांना मिळत नाही. पेंच कालव्याच्या पाण्यावर ही चूक सर्रास होते, कारण पाणी आहे म्हणून बांधी भरलेलीच ठेवतात. फुटव्यांच्या काळात मधूनमधून तीन-चार दिवस पाणी काढा. जमिनीला केसाएवढी भेग दिसली की पुन्हा भरा. निसवताना मात्र ताण देऊ नका.

दाण्यात जस्त वाढवणारी फवारणी वेगळी असते आणि ती उशिरा करायची असते. फुलोरा संपल्यावर आठवड्याने एक आणि दाणा दुधाळ असताना दुसरी. एकरी २०० लिटर पाण्याला १ किलो झिंक सल्फेट आणि अर्धा किलो चुना. चुना आदल्या रात्री वेगळ्या भांड्यात भिजवा, सकाळी वरची निवळी फडक्यातून गाळा, झिंक सल्फेट वेगळं विरघळवा आणि मग दोन्ही टाकीत एकत्र करा. चुन्याशिवाय फवारलं तर पानं करपतात, न गाळता घातलं तर नोझल तुंबतं. फवारणी दुपारी चारनंतर करा. सकाळी नऊ ते बारा धान फुललेलं असतं, तेव्हा फवारलं तर पोचट दाणे वाढतात. हीच फवारणी गव्हालाही, ओंबी निसवून फुलोरा झाल्यावर, चालते. साध्या वाणांनाही चालते. बी मिळालं नाही त्या वर्षी घरच्या एचएमटीवर हे करा.

गिरणीत पॉलिश हलकं सांगा. लोह बहुतेक कोंड्यात जातं. जस्त दाण्याच्या आतपर्यंत असल्याने ते बरंचसं टिकतं.

## गहू

कोरडवाहू एमएसीएस ४०२८ ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा या काळात, ओल असताना, एकरी ३० ते ४० किलो बी वापरून पेरा. ओल खाली गेल्यावर पेरलं तर उगवण विरळ होते आणि मग वाणाला नावं ठेवली जातात. उशिराच्या ओलिताच्या गव्हाला एकरी ५० किलो बी आणि १८ सेंटीमीटरच्या ओळी. बन्सी गव्हाची पोळी थोडी निबर होते. पीठ अर्धा तास भिजवून ठेवा, किंवा तिसरा हिस्सा नेहमीचा गहू मिसळा. रवा, शेवया, लापशी यांना मात्र बन्सीसारखा गहू नाही. पीठ चाळून कोंडा काढू नका. गव्हाचं लोह-जस्त त्याच थरात आहे.

## परसातलं नारिंगी रताळं

‘भू सोना’ हे केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेचं वाण. १०० ग्रॅम ताज्या कंदात सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं. लहान मुलाची दिवसाची ‘अ’ जीवनसत्त्वाची गरज अर्ध्या वाटीत भागते. वेल कृषी विज्ञान केंद्रामार्फत मागवा. शेंड्याकडचे २० ते ३० सेंटीमीटरचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे ६० सेंटीमीटरच्या सऱ्यांवर २० सेंटीमीटरने लावा. भारी काळ्या मातीत कंद वाकडे होतात आणि काढताना तुटतात, म्हणून उंच वाफा करून त्यात राख, शेणखत आणि थोडी रेती मिसळा. शेतात लावलं तर रानडुकरं एका रात्रीत संपवतात, घराजवळच लावा. जमिनीला भेगा पडल्या की भुंगा आत शिरतो आणि कंद कडू होतो. म्हणून महिन्याने आणि दोन महिन्यांनी मातीची भर द्या आणि ११० ते १२० दिवसांत काढून घ्या. सालीसकट, झाकण ठेवून उकडा आणि तेला-तुपासोबत द्या. चरबीशिवाय बीटा कॅरोटीन नीट अंगी लागत नाही. उन्हात वाळवलेल्या कापांत ते कमी होतं.

## कोठी आणि चक्की

आलेलं धान्य वेगळं ठेवलं नाही तर वर्षाची मेहनत एका दिवसात नेहमीच्या धान्यात मिसळते. पोत्यावर रंगाने नाव टाका. ही ज्वारी बाजारात नेऊ नका. व्यापारी लोह-जस्ताचा वेगळा भाव देत नाही. नेहमीची विका आणि ही खा. पाच माणसांचं घर दिवसाला सव्वा किलो पीठ खात असेल तर वर्षाला साडेचार क्विंटल लागतं. एकरी सहा क्विंटल धरलं तरी पाऊण एकर पुरतं, आणि गहूही खाणाऱ्या घराला अर्धा एकर.

दाणा दाताखाली कट्ट वाजून फुटेपर्यंत वाळवा, मगच भरा. चक्कीवर आधीच्या गिऱ्हाइकाचं किलोभर पीठ जात्यात अडकलेलं असतं, म्हणून दोन-तीन घरांनी एकाच वेळी दळण न्या. बाजरी लावली असेल तर तिचं पीठ आठवड्यापुरतंच दळा, पुढे ते कडू होतं.

## चुलीपाशी

धान्यातलं लोह शरीरात फार थोडं मुरतं, कारण कोंड्यातलं फायटेट त्याला धरून ठेवतं. ते सोडवण्याचे मार्ग आपल्या स्वयंपाकात आधीपासून आहेत. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवून केलेली आंबील हा त्यातला उत्तम. जेवणात आंबट हवं: लिंबू, अंबाडीची भाजी, आवळा. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. बाजारात न चालणारी बारीक फळं बांधावर टाकण्यापेक्षा जेवणानंतर पोरांना द्या. त्यातलं ‘क’ जीवनसत्त्व लोह मुरवतं. मुंगन्याचा (शेवग्याचा) पाला, तरोटा आणि जवसाची चटणी चालू ठेवा. अंबाडी लोखंडी कढईत शिजवली तर आंबटपणामुळे कढईतलं थोडं लोहही उतरतं.

चहा मात्र जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर नको. सकाळी शिळी भाकर चहात बुडवून शेतावर जाणं ही आपल्याकडची रोजची न्याहारी आहे आणि तिथेच भाकरीतलं लोह अडतं. ती भाकर चटणी-लिंबासोबत किंवा ताकात कुस्करून खाल्ली तर त्याच भाकरीचा उपयोग वाढतो.

बाळाच्या पेजेसाठी ज्वारीला मोड आणायचे असतील तर १२ तास भिजवा, २४ तास ओल्या फडक्यात बांधा आणि कडक वाळवा. मग हातावर चोळून सगळे मोड आणि मुळं पाखडून टाका, भाजा, दळा आणि नेहमी शिजवूनच द्या. ज्वारीच्या मोडात तेच कोवळ्या धांड्यातलं विष असतं. मटकीसारखे कच्चे मोड कधीही खायचे नाहीत.

## रक्त तपासून घ्या

विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार बराच आढळतो. सिकलसेलच्या माणसाचं हिमोग्लोबिन कमी असतं, पण कारण लोहाची कमतरताच असेल असं नाही. म्हणून सुरुवातीलाच प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनसोबत सिकलसेलची तपासणी करून घ्या. ज्यांना तो आजार आहे त्यांनी लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. साधं जेवण, त्यात ही ज्वारीही आली, त्यांना चालतं. गरोदर बाईने आशाताईने दिलेल्या गोळ्या भाकर बदलली म्हणून थांबवू नयेत.

महिनाभरात आकडा हलणार नाही. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांना लोहयुक्त बाजरीची भाकर आणि शेव दिली गेली, तेव्हा फरक मोजायला चार ते सहा महिने द्यावे लागले. ज्यांच्यात आधी लोह कमी होतं त्या मुलांची कमतरता भरून निघण्याची शक्यता साध्या बाजरीवरच्या मुलांपेक्षा १.६ पट निघाली. म्हणून नवं धान्य खायला लागण्याआधी एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा, एवढंच मोजा. मधल्या काळात पोरांना जंताची गोळी वेळेवर मिळते का ते पाहा. आतड्यात जंत असले तर मिळवलेलं लोह तेच घेऊन जातात.

## पुढच्या वर्षाचं बी

गहू आणि धान स्वपरागी आहेत, घरचं बी तीन-चार वर्षं चालतं. ज्वारीत थोडं परपरागीभवन होतं. तिचं बी हवं असेल तर दुसऱ्या ज्वारीपासून निदान १०० मीटर दूर पट्टा ठेवा आणि कडेच्या चार ओळी सोडून आतलीच कणसं घ्या. बाजरी आणि मक्याचं बी घरी धरू नका. ती सहज मिसळतात आणि लोह हळूहळू उतरत जातं, जे डोळ्यांना दिसत नाही. गावात एका घराने १० गुंठे खास बियाण्यासाठी ठेवले तर दीड क्विंटल येईल. त्यातलं निवडलेलं एक क्विंटल पुढच्या जूनमध्ये २५ एकरांना पुरतं. कणसं फुलोऱ्यात असताना दोनदा शेतात फिरून उंचीने, रंगाने किंवा कणसाच्या आकाराने वेगळी दिसणारी झाडं उपटा. बियाण्याची कणसं वेगळी मळा, कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यात ठेवा आणि पोत्यात वाणाचं नाव, वर्ष आणि कोणाच्या शेतातलं, अशी चिठ्ठी टाका. मे महिन्यात १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा. ७५ पेक्षा कमी उगवले तर बी नव्याने आणा.